गृहविज्ञानाचं एक वर्ष: वाटी, वजनकाटा आणि दूधबिल

जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या टेबलाशी बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "हिला गृहविज्ञानाचे विषय द्या मॅडम, सोपे असतात." मी वाई तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बालविकास आणि अन्नशास्त्र शिकवते. हे विषय सोपे नाहीत. हे मोजमापाचे विषय आहेत, आणि मोजायला शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला पुढे काम मिळतं, हे मी ठामपणे सांगते. एका तुकडीला प्रवेशापासून शिकाऊ उमेदवारीच्या अर्जापर्यंत कसं नेलं, काय चुकलं आणि का चुकलं, ते इथे लिहिते.

प्रवेशाच्या दिवशीच एक गोष्ट स्पष्ट करावी लागते, कारण ती नंतर कळली तर दोन वर्षं हातची जातात. कला शाखेतून अन्नशास्त्र घेतलं म्हणून बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश मिळत नाही. त्याला विज्ञान शाखा आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते. बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र लागतं. इकडून सरळ वाट जाते ती गृहविज्ञानाच्या पदवीकडे, हॉटेल व्यवस्थापनाकडे, बालवाडी-पाळणाघराच्या कामाकडे. आयटीआयच्या फूड प्रोडक्शन किंवा फळे-भाजीपाला प्रक्रिया या एक वर्षाच्या ट्रेडना दहावी पुरते. ज्याला लवकर कामाला लागायचं आहे त्याने बारावीपर्यंत थांबावं का, हे मी पालकांसमोर बसून विचारते. त्यात एखादा प्रवेश कमी झाला तरी चालेल.

वर्गातलं पहिलं काम म्हणजे घरची वाटी आणणं. प्रत्येकाने घरात आमटीला वापरतात ती वाटी आणायची, काठोकाठ पाणी भरून ते मोजपात्रात ओतायचं. कुणाची वाटी १२० मिलीची निघते, कुणाची २०० ची. मग "दोन वाट्या आमटी" या नोंदीला काही अर्थ उरत नाही, हे मुलांना न सांगता कळतं. त्यानंतर भाकरी. थापण्याआधी पीठ वजन करायचं, कारण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतले आकडे बहुतांशी कच्च्या पदार्थाच्या खाण्याजोग्या १०० ग्रॅमचे असतात. शिजलेला भात तोलून त्याला कच्च्या तांदळाचे आकडे लावले की ऊर्जा दुपटीहून जास्त दिसते. आहारनियोजनाच्या वहीत सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच.

जुलै-ऑगस्टमध्ये घरखर्चाचा प्रकल्प. पाठातल्या उदाहरणात घराला दरमहा पगार येतो. आमच्या वर्गातल्या बहुतेक घरांत दूधबिल दर दहा दिवसांनी येतं आणि ऊसबिल वर्षातून एकदा, तेही हप्त्याहप्त्याने. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण अंदाजपत्रक नियमावर नाही, हातात आलेल्या पैशावर करायचं असतं. सुरुवातीला मीही मासिक तक्ताच देत होते. मुलं मग उसाचे पैसे बाराने भागून "मासिक उत्पन्न" लिहायची आणि कागदावर प्रत्येक महिना शिलकीचा दिसायचा. प्रत्यक्षात जूनमध्ये फी, बियाणं, खत आणि वह्या-पुस्तकं एकदम येतात, आणि तेव्हा घरात फक्त दूधबिल असतं.

म्हणून आता तक्ता वेगळा आहे. उभे ३६ रकाने, दर महिन्याला तीन, म्हणजे दूधबिलाच्या तारखांप्रमाणे. वर रोख आवक, खाली रोख जावक, आणि प्रत्येक रकान्याखाली हातात उरलेली रक्कम. गणपती, गावची यात्रा, विम्याचा हप्ता, फी हे ज्या दहा दिवसांत खरोखर भरले जातात तिथेच लिहायचे. जिथे शिल्लक शून्याखाली जाते तो रकाना तांबड्या पेनाने चौकटीत घ्यायचा. त्या चौकटीत घर उसनवारी करतं किंवा सोनं गहाण ठेवतं, आणि त्या आधीच्या ऊसबिलातून किती बाजूला ठेवायला हवं होतं हे मागे जाऊन मोजता येतं. घरातलं उत्पन्न वहीत लिहायला मुलं बिचकतात, ते साहजिक आहे. खरे आकडे घरीच ठेवा, वहीत सगळ्या रकमांना एकाच आकड्याने गुणून लिहा, असं मी सांगते. प्रमाण बिघडत नाही आणि घराची झाकली मूठ झाकलीच राहते.

सप्टेंबरमध्ये बालविकासाच्या प्रात्यक्षिकासाठी, लहान मुलांचं वजन-उंची मोजायला अंगणवाडीत जायचं. परवानगीचं पत्र पर्यवेक्षिकांच्या नावे महिनाभर आधी द्यावं लागतं आणि सेविकाताईंना सोयीचा दिवस विचारूनच जावं, कारण त्यांचं स्वतःचं वजन-उंचीचं काम आणि पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरची नोंद सुरू असते. एका वेळी चारांपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत. गर्दी झाली की मुलं रडतात, आणि रडणाऱ्या मुलाची उंची बरोबर येत नाही.

मोजणीचा क्रम असा ठेवला. आधी वय, पूर्ण झालेल्या महिन्यांत. ते लसीकरणाच्या कार्डावरच्या जन्मतारखेवरून काढायचं, आईच्या "तीन वर्षांचा असेल" या उत्तरावरून नाही. वयात दोन महिन्यांची चूक झाली तर वाढीच्या आलेखावर मूल भलत्याच पट्ट्यात जाऊन बसतं. मग वजन. काटा सपाट फरशीवर ठेवून शून्य करायचा आणि पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवून तपासायचा. रिकामा कॅन वजा केल्यावर पाच किलो यायलाच हवेत. मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे, हातातल्या बांगड्या आणि कमरेचा जाड करगोटाही काढायचा.

उंचीला सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, दोन वर्षांवरचं उभं करून. झोपवून घेतलेली लांबी उभ्या उंचीपेक्षा साधारण ०.७ सेंमी जास्त येते, त्यामुळे अडीच वर्षांच्या मुलाला झोपवून मोजलं तर तेवढी वजाबाकी करावी लागते. उभं करताना टाचा, नितंब, खांदे भिंतीला टेकलेले हवेत आणि नजर समोर. वेणी किंवा डोक्यावर बांधलेली शेंडी मध्ये आली की अर्धा-एक सेंमी हमखास वाढतो. प्रत्येक मुलाची उंची दोघींनी स्वतंत्र मोजायची आणि एकमेकींना आकडा सांगायचा नाही. फरक अर्धा सेंमीपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. पहिल्या दिवशी एका जोडीच्या आकड्यांत तब्बल दीड सेंमीचा फरक आला. कारण शोधलं तर दोघींपैकी एकीचा भिंतीवर चिकटवलेला टेप फरशीपासून नाही, भिंतीलगतच्या कोब्याच्या वरून सुरू झाला होता.

दंडघेराची, म्हणजे दंडाच्या मध्याचा घेर मोजायची, तीनरंगी पट्टी सोपी दिसते म्हणून तिथे निष्काळजीपणा होतो. डावा हात कोपरात काटकोनात वाकवायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांचा मध्य पेनाने खुणायचा, मग हात सैल सोडून त्या खुणेवर पट्टी लावायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी (पट्टीवर तांबडा) असेल तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान (पिवळा) असेल तर मध्यम, त्यावर हिरवा. पट्टी ओढून घट्ट केली की निरोगी मूल पिवळ्यात दिसतं, ढिली ठेवली की आजारी मूल हिरव्यात दिसतं. दुसरी चूक जास्त वाईट, कारण त्या मुलाकडे मग कुणी पुन्हा बघत नाही. आणि एक कडक नियम: आईसमोर "कुपोषित" हा शब्द विद्यार्थ्यांनी उच्चारायचा नाही. आकडा ताईंना दाखवायचा, आईशी त्या बोलतील.

वस्त्रशास्त्राचं प्रात्यक्षिक आमच्याकडे दुसऱ्या मॅडम घेतात, त्यामुळे त्यावर इथे लिहीत नाही.

जानेवारीत महाबळेश्वर-पाचगणीकडची स्ट्रॉबेरी भरपूर येते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बाजारात टिकत नाही असं मऊ फळ प्रक्रियेलाच जातं, आणि आसपासच्या बऱ्याच कारखान्यांचं काम त्यावर चालतं. म्हणून प्रात्यक्षिकाला मी स्ट्रॉबेरी स्क्वॅश घेते. नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के आणि एकूण विद्राव्य घनपदार्थ किमान ४० टक्के हवेत. आम्ही ४५ टक्के धरतो.

चार किलो स्क्वॅशचा हिशेब असा. रस १ किलो, साखर १,६८० ग्रॅम, सायट्रिक आम्ल ४० ग्रॅम, पाणी १,२८० ग्रॅम. रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी, ८ असेल तर त्यातून ८० ग्रॅम घनपदार्थ येतात. ८० अधिक १,६८० अधिक ४० म्हणजे १,८०० ग्रॅम, म्हणजेच चार किलोचे ४५ टक्के. रसाचा ब्रिक्स ७ निघाला तर साखर दहा ग्रॅम वाढवायची आणि पाणी दहा ग्रॅम कमी करायचं. ही बेरीज प्रत्येकाने स्वतः करावी असा माझा आग्रह असतो. तयार कृती पाठ केलेल्या मुलाला फळ बदललं की काहीच येत नाही.

फळं आधी धुवायची, देठ नंतर काढायचे. उलट केलं की पाणी आत शिरतं आणि रस पातळ होतो. साखर, पाणी, आम्ल एकत्र करून एक उकळी आणायची, गाळायचं, पूर्ण गार करायचं, मग रस मिसळायचा. इथे आमच्या पहिल्या घाण्याचा ब्रिक्स ४५ ऐवजी जवळपास ४७ आला. पाक दहा मिनिटं उकळत राहिला आणि दीडशे ग्रॅम पाणी उडालं. तेव्हापासून पातेलं पाकासकट आधी आणि नंतर तोलतो आणि घटलेलं पाणी उकळून गार करून परत घालतो. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आहे ना हे दर वेळी बघायचं. आधीच्या नमुन्याचा चिकट थर काचेवर राहिला तर आकडा खोटा येतो.

परिरक्षक (स्क्वॅश टिकवणारं रसायन) घालताना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट नको, त्याने स्ट्रॉबेरीचा तांबडा रंग फिका पडतो. सोडियम बेंझोएट घ्यायचं. मर्यादा बेंझोइक आम्लाच्या हिशेबात किलोला ६०० मिलिग्रॅम आहे, आणि १.१८ ग्रॅम सोडियम बेंझोएट म्हणजे १ ग्रॅम बेंझोइक आम्ल. चार किलोला २.८ ग्रॅम घेतलं की मर्यादेच्या किंचित आत राहतो. हे "चिमूटभर" घालायचं काम नाही. त्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा लागतोच. कोरडी पूड थेट आंबट मिश्रणात टाकली तर तिचे पांढरे कण तळाशी बसतात, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत ओतायची. सायट्रिक आम्ल विसरलं तर बेंझोएट असूनही बाटली फसफसते, कारण ते आम्लातच नीट काम करतं. प्यायला देताना एकास तीन भाग पाणी.

खर्च काढताना मुलं फळ आणि साखर धरतात, झाकण, लेबल, गॅस आणि स्वतःची मेहनत सोडून देतात. गॅसला सोपा उपाय आहे: सिलिंडर काट्यावर ठेवून आधी आणि नंतर तोलायचा, आणि १४.२ किलोच्या भावाने पैसे लावायचे. हे स्क्वॅश आम्ही विकत नाही, विक्रीला अन्न परवाना किंवा नोंदणी लागते. पण दर घाण्यातल्या तीन बाटल्या तारीख घालून ठेवतो आणि १५, ३० व ९० दिवसांनी उघडून रंग, वास, वायू यांची नोंद करतो.

मे महिन्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. सातारा जिल्ह्याला हे नवीन नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना इथलीच. तरीही पाठवण्याआधी जागा स्वतः बघून यावी. स्वच्छतागृह आहे का, यंत्राच्या पट्ट्यांना जाळी आहे का, परतीची शेवटची एसटी किती वाजता. मुलींचा एसटीचा मोफत पास घर ते शाळा या मार्गापुरता असतो, प्रशिक्षणाच्या ठिकाणाचं तिकीट वेगळं पडतं, हे पालकांना आधी सांगावं. एका ठिकाणी मुलांना तीन आठवडे फक्त खोके चिकटवायला बसवलं. तेव्हापासून पत्रातच लिहून देतो: एक आठवडा फळ निवड, एक आठवडा प्रक्रिया, एक आठवडा भरणे व लेबल, आणि रोजच्या नोंदीवर तिथल्या जबाबदार माणसाची सही.

मुलाखतीत "काय येतं?" असं विचारल्यावर आधी उत्तर यायचं, "सगळं येतं सर." आता मुलांनी वहीच समोर ठेवायची: ब्रिक्सच्या नोंदी, बिघडलेला घाणा आणि त्याचं कारण, ९० दिवसांची बाटली. बिघडलेल्या घाण्याचं पान फाडू नका, असं मी वर्षभर सांगत असते. विचारणारा माणूस त्याच पानावर थांबतो.

शेवटची अडचण कागदांची. शिकाऊ उमेदवारीच्या केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही की अर्ज अडतो. मधलं नाव गाळलेलं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, जन्मतारखेचा घोळ, हेच प्रकार. गुणपत्रिकेत दुरुस्ती म्हणजे शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळापर्यंत जाणं. गुणपत्रिका बरोबर असेल तर ती दाखवून आधार दुरुस्त करणं लवकर होतं. विद्यावेतनाचा सरकारी वाटा थेट खात्यात येतो, म्हणून खातं उमेदवाराच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं, वडिलांच्या नावाचं चालत नाही. हे सगळं मेमध्ये करायला गेलं की रांगा लागतात. आम्ही आता दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाकडून दोन्ही कागदांच्या प्रती घेतो, नावं शेजारी शेजारी ठेवून वाचतो, आणि ज्यांची जुळत नाहीत त्यांना सुट्टीतच आधार केंद्रावर पाठवतो.