उलट दिशेने आलेला मुलगा

महासाथीत जवळचे माणूस गमावलेल्या कुटुंबांसाठी एका संस्थेने मोकळ्या मैदानावर लॅबिरिंथ-चालीचा, म्हणजे जमिनीवर आखलेल्या वळणावळणाच्या वाटेने मध्यापर्यंत चालत जाण्याचा, कार्यक्रम ठरवला आणि त्याची आखणी माझ्यावर सोपवली, तेव्हा ध्यानाचा विचार करण्याआधी मला अंतराचा हिशेब करावा लागला. मी शोकग्रस्तांच्या समुपदेशनाचे काम करते. एरवी आमचे गट एका खोलीत, गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. त्या काळात बंद खोलीत जमणे शक्य नव्हते आणि पडद्यावर होणाऱ्या बैठकींना लोक कंटाळले होते. किंबहुना काहींना त्यांचा धसकाच बसला होता, कारण आपल्या माणसाला त्यांनी शेवटचे पाहिले तेही मोबाइलच्या पडद्यावरच. उघड्यावर, दोन मीटर अंतर राखून आणि एकमेकांशी न बोलताही एकत्र करता येण्यासारखे जे थोडे प्रकार होते, त्यांत लॅबिरिंथ मला सोयीचा वाटला.

भूलभुलैयात फाटे असतात आणि माणसाने चुकावे अशीच त्याची रचना असते. लॅबिरिंथमध्ये मात्र एकच वाट वळणे घेत घेत मध्यापर्यंत जाते. सात फेऱ्यांच्या जुन्या, सर्वांत प्रचलित आकृतीत आत शिरणारा माणूस आधी बाहेरून तिसऱ्या फेरीत जातो, मग दुसऱ्या, मग अगदी कडेच्या पहिल्या, तेथून चौथ्या आणि एकदम सातव्या फेरीत येतो. मध्य हाताच्या अंतरावर दिसत असतानाच वाट त्याला सहाव्या आणि पाचव्या फेरीत परत बाहेर नेते आणि त्यानंतरच आत सोडते. यात कोठेही निर्णय घ्यावा लागत नाही. मृत्यूनंतरच्या आठवड्यांत दाखले, दावे, बँकेची खाती आणि गेलेल्या माणसाच्या कपड्यांचे काय करायचे येथपर्यंतचे निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला, पुढचे पाऊल कोठे टाकायचे हे ठरवावे न लागणे ही फार मोठी उसंत असते. या प्रकारावर माझा जो काही विश्वास आहे, तो एवढ्या एका कारणावर उभा आहे. त्याभोवती रचल्या जाणाऱ्या गूढ बोलण्याशी मला कर्तव्य नाही.

अडचण अशी की, जुन्या आकृतीत जाण्याची आणि येण्याची वाट एकच असते, त्यामुळे आत जाणारा आणि बाहेर येणारा समोरासमोर येतात. एरवी तीच त्यातली गंमत असते. कोणी तरी खांदा चुकवून शेजारून जाते, नजरानजर होते आणि दोघे आपापल्या दिशेने निघून जातात. त्या दिवसांत ते परवडणारे नव्हते. म्हणून मी बाल्टिक चक्र म्हणून ओळखली जाणारी रचना निवडली. तिच्यात आत जाण्याची लांब वाट वेगळी असते आणि मध्यापासून बाहेर पडण्यासाठी दुसरी, आखूड वाट ठेवलेली असते. जर्मनीत हॅनोव्हरच्या आयलेनरीडे या वनात अशा प्रकारचे एक हिरवळीतले चक्र आहे आणि त्याचा उल्लेख 1642 पासून सापडतो. मोठा जमाव एकामागून एक, न थांबता आत जाऊन बाहेर पडू शकेल अशी ही रचना असल्याने ती आमच्या गरजेला चपखल बसत होती.

आदल्या संध्याकाळी मैदानाच्या मध्यभागी खुंटी ठोकली, दोरीला दर दोन मीटरवर गाठ मारली आणि एकाने दोरी ताणून फिरायचे, दुसऱ्याने मागून फक्की टाकत यायचे, असे करून सहा फेऱ्या आखल्या. वाटेची रुंदी दोन मीटर धरल्यामुळे व्यास तीस मीटरच्या जवळपास गेला आणि लांब वाट तीनशे मीटरची झाली. फक्कीच्या रेषेवर वाळलेली पाने आणि वळणांवर दगड मांडले. पाने वाऱ्याने उडतात, म्हणून सकाळी झारीने त्यांच्यावर पाणी मारले. ओली पाने जमिनीला धरून बसतात आणि दोन-तीन तास तरी हलत नाहीत. एका स्वयंसेविकेला हे सगळे रांगोळी घालण्यासारखे वाटले, पण रांगोळीत पाय पडू नये म्हणून जपतात आणि येथे पाय पडावेत म्हणूनच सगळी खटपट चालली होती.

माणसे विसाच्या आसपास होती. मी सुरुवातीला थोडेच बोलते. 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथेड्रलमध्ये लॉरेन आर्ट्रेस यांनी कापडावर रंगवलेला लॅबिरिंथ लोकांना चालण्यासाठी खुला केला आणि हा प्रकार पुन्हा नव्याने पसरला. त्यांची सोडणे, स्वीकारणे आणि परतणे ही तीन टप्प्यांची मांडणी बहुतेक ठिकाणी आधी सांगतात. मी ती सांगणे बंद केले आहे, कारण ऐकणारा लगेच स्वतःची परीक्षा घेऊ लागतो: आपण काही सोडले का, सोडले नसेल तर आपले काही चुकले का. त्याऐवजी मी प्राचीन ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाटीविषयी सांगते. इ. स. पूर्व 1200 च्या सुमारास राजवाडा जळाला आणि त्या आगीत भाजली गेल्यामुळे ती पाटी टिकली. एका बाजूला हिशेब लिहिलेल्या त्या पाटीच्या मागच्या बाजूवर कोणी तरी लॅबिरिंथ कोरून ठेवला आहे. कामाच्या मधल्या वेळात चाळा म्हणूनही तो काढला असू शकेल, एवढे म्हटले की ऐकणाऱ्यांचे खांदे सैल होतात.

त्या दिवशी मात्र एका बाईंनी मला मध्येच थांबवले. कर्नाटकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातल्या शिल्पात चक्रव्यूह याच आकृतीत कोरलेला आहे, हे त्यांनी कोठे तरी वाचले होते आणि ते खरेही आहे. त्या म्हणाल्या, “ताई, अभिमन्यू आत गेला तो परत आलाच नाही. आमच्या घरातलाही एक असाच आत गेला. आणि तुम्ही आम्हाला त्यातच चालायला सांगता?” या प्रश्नाला समजुतीचे उत्तर देणे सोपे होते, पण ते खोटे झाले असते. नको वाटत असेल तर कडेला बसून पाहिले तरी चालेल, असे मी त्यांना सांगितले. त्या बसल्या आणि शेवटपर्यंत बसूनच राहिल्या. त्यांनी बसणे हाही त्या सकाळचा भागच होता, असे मी मानते.

चालण्याआधी पाच मिनिटांचे ध्यान ठेवले होते, तेही उभ्याने आणि डोळे उघडे ठेवून. डोळे मिटले की ज्यांना रुग्णालयाची मार्गिका दिसू लागते, अशा लोकांना बळेच डोळे मिटायला लावू नये. टाच टेकते कोठे, भार बोटांकडे सरकतो केव्हा आणि दुसरा पाय उचलायच्या आधी क्षणभर दोन्ही पायांवर किती भार असतो, एवढ्यावरच लक्ष ठेवायला सांगितले. बौद्ध परंपरेतल्या चंक्रमणात, म्हणजे चालत करायच्या ध्यानात, लक्ष असेच पावलांवर ठेवतात. मग एकेकाला आत सोडू लागलो. आधीचा माणूस पहिले वळण ओलांडून गेला की पुढचा.

पंधराएक वर्षांचा एक मुलगा मावशीबरोबर आला होता. त्याचे वडील रुग्णालयात वारले तेव्हा तो स्वतः विलगीकरणात होता आणि तो बाहेर आला तोपर्यंत सगळे उरकले होते, एवढे मावशीने मला आधी सांगितले होते. त्याची पाळी आली तेव्हा तो प्रवेशापाशी थोडा वेळ उभा राहिला आणि मग वाट सोडून, पानांच्या रेषा एकामागून एक ओलांडत, सरळ मध्यावर जाऊन थांबला. खिशात हात घालून त्याने चारी बाजूंना पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “इथे काहीच नाहीये.”

खरोखरच तेथे खुंटी काढल्यावर राहिलेल्या भोकाखेरीज काही नव्हते. मावशी ओशाळल्या आणि त्याला हाका मारू लागल्या. प्रवेशापाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, त्याला बाहेर आणू का?” मी मानेनेच नाही म्हटले. आत चालणाऱ्यांपैकी दोघे-तिघे थांबले होते, ते पुन्हा चालू लागले. मला वाटले, तो आता शेजारच्या आखूड वाटेने, नाही तर आला तसाच रेषा ओलांडून निघून जाईल. पण तो लांब वाटेला लागला, उलट्या दिशेने. म्हणजे जी तीनशे मीटरची वाट बाकीचे सगळे आत येण्यासाठी चालत होते, तिच्यावरून तो एकटा बाहेर निघाला होता, आणि आता प्रत्येकाशी त्याची गाठ पडणार होती.

ज्या गोष्टीसाठी मी ही रचना निवडली होती, नेमकी तीच मोडली जात होती. नियम सांगत होता की त्याला थांबवावे. अशा वेळी संचालकाला हात-पाय हलवून काही तरी करण्याचा फार मोह होतो. माझा अनुभव असा की, शोकगटात निम्मे नुकसान त्या मोहापायी होते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते, मैदान उघडे होते, वारा वाहत होता आणि वाट दोन मीटर रुंद होती; धोका किती, याचा अंदाज करून मी जागेवरच उभी राहिले. समोरून पहिल्या येणाऱ्या बाई गोंधळून जागच्या जागी थांबल्या आणि तोही थांबला. दोघांपैकी कोणाला काही सुचेना. शेवटी बाईंनीच एक पाय रेषेपलीकडे शेजारच्या रिकाम्या फेरीत टाकला, तो पुढे गेल्यावर त्या परत वाटेवर आल्या आणि चालू लागल्या. मागच्यांनी ते पाहिले होते. त्यानंतर तो ज्याच्या ज्याच्यासमोर आला, त्याने त्याने कडेला होऊन त्याला वाट दिली. एकाने दगडाला पाय लागला म्हणून वाकून तो पुन्हा जागेवर बसवला. मुलगा सुरुवातीला भराभर चालत होता, जवळजवळ धावतच. पण दर थोड्या अंतरावर कोणी तरी समोर येई, त्यामुळे त्याला थांबावेच लागत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसानंतर त्याची चाल आपोआप इतरांएवढी झाली. प्रवेशातून बाहेर पडताना त्याने कोणाकडे पाहिले नाही.

पुढचा भाग निसर्गकलेचा होता. अँडी गोल्ड्सवर्दी यांच्यासारखे कलावंत पाने, काटक्या, बर्फ अशा सापडेल त्या वस्तूंतून जागेवरच रचना करतात आणि ती विरून जाऊ देतात, मागे राहते ते छायाचित्र. आमचे नियम त्याच अंगाने ठरवलेले आहेत: पडलेले असेल तेच उचलायचे, झाडावरून काही तोडायचे नाही, गोंद-दोरा वापरायचा नाही आणि घरी काही न्यायचे नाही. बहुतेकांनी वर्तुळे, फुलांचे आकार किंवा नावे केली. नावे करायला मी सुचवत नाही, पण लोक करतातच.

मुलाने लांब जाऊन पाने गोळा केली आणि त्यांतून कुजून नुसती जाळी राहिलेली पाने तेवढी वेगळी काढली. प्रवेशाच्या तोंडापासून मैदानाबाहेरच्या दिशेने, मोठ्याकडून लहानाकडे अशी तो ती ओळीने मांडू लागला. जाळीचे पान इतके हलके असते की ठेवता ठेवताच उडते. म्हणून प्रत्येक पानाच्या देठावर तो एक खडा ठेवी, मास्क हनुवटीवर ओढून पानावर फुंकर मारी, आणि पान हलले तर तो खडा काढून दुसरा, जरा जड शोधून आणी. मात्र खडा फार मोठा झाला की जाळी फाटत होती, तेव्हा ते पान टाकून नवे घ्यावे लागे. बाकीच्यांचे काम उरकले तरी त्याचे चालूच होते. मावशींनी घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि बसून राहिल्या. मी त्याला काही विचारले नाही. ते काय आहे, हे विचारण्याची सवय आमच्या पेशात फार आहे आणि पुष्कळदा ती ऐकणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याच्याच समाधानासाठी असते.

निघताना एक निवृत्त ट्रकचालक मुद्दाम थांबले. मुलाला वाट देणाऱ्यांत ते होते. त्यांना ध्यानाविषयी काही बोलायचे नव्हते, आखणीविषयी बोलायचे होते. “मॅडम, दोन मीटरची वाट करूनही समोरून माणूस आलं की पंचाईत होतेच. वळणावर जरा जागा सोडा. घाटात सोडतात तशी.” मी म्हटले, ही वाट एकेरीच धरलेली आहे. त्यावर ते म्हणाले, “ते तुमच्या कागदावर. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, आणि चढ कोणाला लागलाय ते समोरच्याला दिसतंच की.”

संस्थेला द्यायच्या अहवालात एक रकाना होता: किती सहभागींनी उपक्रम पूर्ण केला. कडेला बसलेल्या बाईंचे काय करायचे, याचा मी थोडा विचार केला आणि त्यांना निरीक्षक म्हणून वेगळे नोंदवले. मुलाला पूर्ण केलेल्यांत धरले. समन्वयकांचा फोन आला. त्यांनी छायाचित्रांत तो रेषा ओलांडताना पाहिला होता आणि अशी नोंद लेखी तपासणीत टिकेल का, अशी त्यांना शंका होती. लांब वाट त्याने पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत चाललेली आहे आणि रकान्यात दिशा विचारलेली नाही, असे मी सांगितले. त्यांनी ते मान्य केले, फक्त अंतराच्या नियमाबाबत एक ओळ जोडायला सांगितली, ती मी जोडली.

त्यानंतरच्या आखणीत मी रचना बाल्टिकच ठेवली, पण प्रत्येक वळणाला बाहेरच्या अंगाला मीटरभर फुगवटा देऊ लागले, म्हणजे एक माणूस कडेला थांबला तरी दुसरा अंतर राखून जाऊ शकतो. त्यामुळे फक्की जवळपास दीडपट लागते आणि दोरीवरच्या गाठींचा हिशेब वळणापाशी बिघडतो, म्हणून तेवढा भाग डोळ्यांच्या अंदाजाने आखावा लागतो.