तुम्ही विचारलंत म्हणून: पडदा मात्र स्पष्ट आला

"फोनवर इतके चांगले फोटो येतात, शिकायचंच तर व्हिडिओ ढिगानं पडलेत, मग दोन दिवस फोटोग्राफीच्या कार्यशाळेत जाऊन बसायची काय गरज होती?" नातेवाईक विचारतात, ऑफिसातले विचारतात, नवा कॅमेरा घेतला की सल्ल्यासाठी फोन करणारेही विचारतात. "हाताला सवय लागते," एवढं सांगून मी आजवर विषय मिटवत आले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं सांगायचं तर मुलीचा एक फोटो दाखवावा लागतो, आणि तो दाखवणं माझ्या जिवावर येतं.

कार्यशाळेआधी मला काही येत नव्हतं असं समजू नका. वर्षभर वाचत होते. लेन्सचं भोक (अ‍ॅपर्चर) किती उघडं आहे ते सांगणारे २.८, ४, ५.६, ८ हे आकडे पाठ होते. आकडा एक पायरी पुढे गेला की प्रकाश निम्मा होतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवला की नॉइज, म्हणजे फोटोत रवाळपणा, येतो, म्हणून तो होता होईल तेवढा कमी ठेवावा, हेही वाचलं होतं. याच वाक्यानं घात केला.

मुलगी नऊ वर्षांची होती. स्टेजवर एकटीनं नाचायची तिची पहिलीच वेळ. मी तिसऱ्या रांगेत. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावलेली, म्हणजे अ‍ॅपर्चर मी ठरवायचं आणि शटरचा वेळ कॅमेऱ्यानं; ५.६ वर, म्हणजे त्या झूमला माझी लेन्स जेवढी उघडते तेवढी. आयएसओ ४००. व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला १/१५ दिसत होतं, म्हणजे शटर सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहणार. गडबडीत ते माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. आलं होतं. लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे, ते सांभाळून घेईल, असं मी मनाशी म्हटलं आणि बटण दाबत राहिले. १९६ फोटो.

रात्री घरी मोठ्या स्क्रीनवर लावले. मागचा काळा पडदा इतका स्पष्ट आला होता की त्याच्या चुण्या मोजाव्यात. एके ठिकाणी शिवण उसवून दोरा लोंबत होता, तोही दिसत होता. आणि पडद्यापुढे लाल रंगाचा एक फराटा. वर, चेहऱ्याच्या जागी, फिकट डाग. मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून बघत होती. वीस-पंचवीस फोटो सरकल्यावर तिनं विचारलं, "आई, यात मी कुठंय?"

मी म्हणाले, पुढचे चांगले असतील. ती थांबली. पुढचेही तसेच होते.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी सरांनी आमच्यातल्या एकीला खोलीत गोल गोल चालायला सांगितलं. बाकीच्यांनी जागेवर उभं राहून आधी १/१५, मग १/६०, मग १/२५० वर तिचे फोटो काढायचे. माझा पहिला फोटो मागच्या स्क्रीनवर उमटला: भिंत, स्विचबोर्ड, त्यावरचे स्क्रू स्पष्ट, आणि चालणारी बाई पुसलेली. माझा हात तिथंच थांबला. सरांनी काय झालं म्हणून विचारल्यावर मी कार्डावर ठेवलेला तो नाचाचा फोटो काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी आकडे वाचले. "स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, तिचा नाही. आयएसओ का नाही वाढवलात?"

"नॉइज येतो म्हणून."

"नॉइज आला असता, पण मुलगीही आली असती."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मला ते लागलं, अजूनही लागतं. थोडं बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मग त्यांनी माझ्याकडून बोटांवर मोजून घेतलं: १/१५ वरून १/३०, १/६०, १/१२५, १/२५०. चार स्टॉप, म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होण्याच्या चार पायऱ्या. तेवढेच आयएसओचे: ८००, १६००, ३२००, ६४००. हे दोन्ही हिशेब मला वर्षभर वेगवेगळे पाठ होते. एकाशेजारी एक ठेवून कधी मोजले नव्हते.

त्याच संध्याकाळी त्यांनी १८३८ सालचं एक जुनं छायाचित्र दाखवलं. छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरनं पॅरिसमधल्या एका रस्त्याचं काढलेलं. एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे रस्त्यावरची वर्दळ त्यात उमटलीच नाही. उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा राहिलेला माणूस. बाकीचे कौतुकानं बघत होते. मला तो रिकामा रस्ता बघवेना.

दुसऱ्या दिवशी आधी पांढरी चादर, मग काळं कापड, फ्रेम भरून. कॅमेऱ्यानं दोन्ही करडी केली. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोर दिसेल ते मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो. मग माझ्या लक्षात आलं, त्या रात्री फ्रेममध्ये बहुतेक काळा पडदाच होता. कॅमेरा तो उजळ करायला धडपडत होता, म्हणून शटर इतका वेळ उघडं राहत होतं. कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंदाजात आपण हातानं करायची दुरुस्ती, दोन स्टॉप खाली घेतलं असतं तर त्याच आयएसओला १/६० मिळालं असतं, आणि १/२५० साठी १६०० पुरलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हेही कुठंतरी लिहिलेलं असणारच. असेल. कार्यशाळेआधीची मी तर याहून पुढचं म्हणते: सगळं ऑटोवर सोडलं असतंस तर कॅमेऱ्यानं आयएसओ आपणहून वाढवला असता आणि पोरगी फोटोत आली असती, तुझं शिकणंच आडवं आलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढंच म्हणते की तो दोष माझाच होता, आणि तो नेमका कुठं होता हे मला त्या चालणाऱ्या बाईचा फोटो काढेपर्यंत कळलं नव्हतं. वर्षभर मी लेन्सला बोल लावत होते. नवी लेन्स घ्यायला निघाले होते.

घरी आल्यावर मी मुलीला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग परत करू का तो नाच?" लाल पोशाख खांद्यात घट्ट व्हायला लागला होता, तरी घातला. खिडकीशेजारी नाचली. १/२५०, आयएसओ १६००. प्रत्येक बोट स्पष्ट आलं, उडालेली वेणीसुद्धा. फक्त प्रत्येक फोटोत ती माझ्याकडे बघते आहे, मला नीट मिळतंय ना हे तपासत. स्टेजवर तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

दोन्ही फोटो ठेवलेत. कुणी बघायला मागितलं तर कुठला द्यायचा, ते मला अजून ठरवता येत नाही.