गाभण नसंल ना रं ती?

रविवार, रात्र

सकाळी आईशी खोटं बोललो. ठरवून नाही. तिनं विचारलं आणि माझ्या तोंडून "नाही गं, नसणार" असं आपसूक निघून गेलं. नंतर गॅरेजमध्ये तंबूच्या खुंट्या मोजत बसलो होतो तेव्हा लक्षात आलं की मला ते माहीतच नव्हतं.

इथं अमेरिकेतल्या वायोमिंगला निघायला अठरा दिवस उरलेत. आईला आजवर एवढंच सांगितलं होतं की पश्चिमेकडं चाललोय, तंबूत राहणार आहे. आज ती खोदून विचारायला लागली, चार दिवस तंबूत करणार काय? मग सांगून टाकलं. शिकार. तिनं आधी विचारलं, पोलीस धरतील का. तिचं बरोबर आहे. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आमच्या कर्जत तालुक्यातलंच. १९७२ च्या कायद्यानंतर काळविटाला हात लावणं म्हणजे काय हे तिकडं पोराटोरांनाही माहीत असतं. ज्वारीत कळप शिरला तरी माणसं पत्र्याचे डबे वाजवतात, दगड उचलत नाहीत.

मी म्हटलं, इथं सरकारच परवाना देतं, मी रीतसर काढलाय. काळवीट नाही, प्रॉन्गहॉर्न म्हणून हरणासारखं दिसणारं वेगळं जनावर आहे. नराचा परवाना सव्वातीनशे डॉलरचा, आणि तो चिठ्ठीत लागेल याची खात्री नाही. मादीचा ३४ डॉलरला, तो लागला.

"मादी मारायची?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "गाभण नसंल ना रं ती?"

बस, एवढंच. त्यावर मी ते बोललो. पुढं ती ताईच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागली आणि फोन संपला.

आमच्याकडं कंदुरीला बोकड कापतात. शेळी ठेवतात. हा कुणी शिकवलेला नियम नाही, पाटीला खालीवर सरळ रेघा असतात तसा तो आधीपासून असतो. म्हातारी, भाकड झालेली शेळी कधी खाटकाकडं जायचीही, पण गाभण शेळीवर सुरी चालवणारा माणूस मी आमच्या गावात पाहिला नाही. आणि इथं सगळं उलटं. नराला शिंगांसाठी मान, तो दुर्मीळ, तो महाग. मादीचे परवाने मात्र गेम अँड फिश विभाग, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, भरपूर काढतो, कारण कळप वाढतो तो मादीमुळे आणि कमी करायचा तर मादीच कमी करावी लागते. हे मी परवाना काढतानाच वाचलं होतं. पटलंही होतं. पण ते कळपाबद्दल होतं. आईनं एकीबद्दल विचारलं.

संध्याकाळी शोधून काढलं. प्रॉन्गहॉर्नचा माजाचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. गर्भ साधारण २५० दिवस. मेअखेरीला किंवा जूनमध्ये विणं, आणि बहुतेक वेळा जुळं. मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार. म्हणजे आईच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आहे. जवळजवळ नक्की हो, आणि बहुतेक दोन.

हे वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला तो लिहून ठेवतो, कारण तो मला आवडलेला नाही. मनात आलं, तेव्हा जेमतेम तीन-चार आठवड्यांचे असतील, पोट साफ करताना दिसणारसुद्धा नाहीत. आणि मला बरं वाटलं. क्षणभर खरंच बरं वाटलं. दिसणार नाही म्हणून.

पाच महिने मी काय काय वाचलं! वायोमिंगमधल्या कॅस्पर शहराच्या उत्तरेचा नकाशा तोंडपाठ झालाय, खासगी जमीन कुठली, सरकारी कुठली. बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जमीन खात्याच्या, जमिनीवर चौदा दिवस फुकट तंबू टाकता येतो, राज्याच्या ट्रस्टच्या जमिनीवर मुक्काम करता येत नाही. दोन सरकारी चौकोन नुसते कोपऱ्याला टेकत असतील तर एकातून दुसऱ्यात पाय टाकावा की नाही, यावर एल्क माउंटनपाशी २०२१ मधल्या प्रकारावरून शिकाऱ्यांवर खटले झाले आणि २०२५ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तेही वाचलं. पाऊस पडला की तिथली बेंटोनाइटची माती चाकाला अशी धरते की गाडी जागची हलत नाही. हे वाचताना तर घरचीच आठवण झाली, पावसाळ्यातली आमची काळी रानं, चपला हातात घेऊन चालायचो. पाण्याचे कॅन, रात्री पारा शून्याखाली जातो म्हणून जाड झोपायची पिशवी, दिवसा ऊन असतं म्हणून मांस लगेच गार करायला बर्फाच्या दोन पेट्या. नारिंगी टोपी. रायफल .२४३, शंभर आणि दोनशे यार्डांवर जमवून घेतलीय, आणि दोनशेपलीकडं गोळी टाकायची नाही हे स्वतःशी ठरवलंय. मादीच्या गालावर नरासारखा काळा डाग नसतो, तो नाही ना हे दुर्बिणीतून दोनदा बघायचं, कारण माद्यांनाही छोटी शिंगं असू शकतात.

एवढं सगळं. आणि आईनं जे पहिल्या पाच मिनिटांत विचारलं ते मी पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

नियमांत एक आणखी आहे. मांस नेताना, ते मादीचंच आहे हे कळेल असा अवयव त्याच्यासोबत ठेवायचा, वाटेत कुणी तपासायला थांबवलं तर दिसावा म्हणून. हेही मी यादीत लिहिलं होतं, "पुरावा ठेवणे", बर्फाच्या आणि दोरीच्या मध्ये. आज ती ओळ वाचताना आमच्या तांबडी शेळीची कास डोळ्यांसमोर आली. पुढं लिहवत नाही.

वाईट याचं वाटतं की वर्षानुवर्षांत एक गोष्ट फक्त माझ्यासाठी करायला निघालोय. ज्या वर्षी जायचं ठरलं होतं त्या वर्षी आप्पांचं ते झालं. पुढच्या वर्षी नोकरीचं. आता सगळं जुळलं, तर एका वाक्यानं त्यातला आनंदच काढून घेतला. आईनंच घ्यायला हवा होता का तो? धाकटी बिचारी काल टॉर्चमध्ये नवे सेल घालून ठेवत होती. ती सोबत येणार नाही, तरीही.

रात्री उशिरा

झोप नाही.

मला या जनावराचं वेड का लागलं ते आठवत होतो. ते धावतं कसं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून. तासाला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आज अमेरिकेत त्याला पळून गाठेल असं एकही जनावर नाही, मग एवढा वेग कशासाठी? एक मत असं की इथं कधीकाळी चित्त्यासारखं एक जनावर होतं, ते बारा-एक हजार वर्षांपूर्वी संपलं, आणि हे अजून त्याच्यापुढं पळतंय. वाचलं तेव्हा मला एकदम रेहेकुरी आठवलं. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं ते रान, एसटीच्या खिडकीतून आप्पांनी दाखवलेला कळप, उड्या घेत सुटलेला. आमच्याकडचा चित्ताही संपला, १९५२ मध्ये सरकारनं तसं जाहीर केलं. काळवीट तेवढंच जोरात पळत राहिलं. दोन टोकांची दोन जनावरं, जवळच्या नात्याची नाहीत. प्रॉन्गहॉर्नचे आजचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. पण दोघंही मागं कुणी नसताना पळतात. मला ते माळरान प्रत्यक्ष बघायचं होतं. तिथल्या सेजब्रशच्या झुडपांचा वास घ्यायचा होता. बघायला कॅमेराही चालला असता, हे मला मान्य आहे. पण मी तीन हिवाळे शेजारच्यांबरोबर आयोवात फेझंट पक्षी मारून आणलेत, शिजवून खाल्लेत, आणि दुकानातलं चिकन आणताना मला कधीच कुणी विचारलं नाही की ती कोंबडी कुठल्या वयाची होती. मीही विचारलं नाही.

वायोमिंगमधले लोक त्याला "गोट" म्हणतात. शेळी. शास्त्रीय नावातही कॅप्रा आहेच, तेही शेळीच. आज ते नाव चांगलं वाटत नाही.

कडक हिवाळा झाला की तिकडं हजारोंनी मरतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये तसं झालं, त्यानंतर परवानेही कमी केले. पोटात जुळं घेऊनच मेल्या असतील त्या माद्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फात, कुंपणाला अडून. प्रॉन्गहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, ते खालून सरपटून जातं, आणि खालची तार बर्फात बुजली की अडकतं. हे मी आत्ता स्वतःला सोडवायला लिहितोय का? थोडंसं. पण जे लिहिलं तेही खरं आहे.

न जाण्याचा विचार केला. अगदी नीट केला, घड्याळात दोन वाजेपर्यंत. मला जायचं आहे. हे उत्तर सारखं तेच येतंय. टोचतंय ते जाणं नाही. मी आईला "नसणार" म्हटलं, ते टोचतंय. ती जन्मभर शेळ्या राखलेली बाई. पोटावरून हात फिरवून सांगायची, महिना झाला, दीड झाला. तिला मी ऑक्टोबरातल्या मादीबद्दल काय सांगत होतो?

सोमवार, पहाट

साडेपाचला फोन लावला. तिकडं दुपारचे चार. आई पाणी भरत होती, मागं बादलीचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "आई, काल चुकीचं सांगितलं. गाभण असणार ती. नुकतीच. बहुतेक दोन असतील पोटात."

नळ बंद झाल्याचं ऐकू आलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही.

"दोन व्हय," ती म्हणाली. "तांबडीलाबी दोनच व्हायची."

"हो."

"आन् आताची पिल्लं?"

"चार महिन्यांची असतात तोवर. दूध सुटत आलेलं असतं."

"मग खातील पाला," ती म्हणाली. परत थांबली. "मला नको सांगू मारल्यावर. पोचला, परत आला, एवढंच सांग."

बरं म्हटलं.

"थंडी लय आसती का तिथं?"

रात्री असते म्हटलं. तिनं आप्पांचा तो करडा स्वेटर माझ्याकडंच आहे ना ते विचारलं. आहे. वरच्या कपाटात, अजून कधी घातला नाही. तो ने म्हणाली, पिशवीबिशवीचा काही भरवसा नसतो.

स्वेटर काढून बाहेर ठेवलाय. यादीतला "पुरावा ठेवणे" खोडून "कास" लिहिलं. सहा वाजले, धाकटीला उठवायचंय.