ऐरोलीची रात्रफेरी: हायपर-व्ही होस्टवरचं एसआर-आयओव्ही बंद करायला

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरायची, ऐरोलीला उतरायचं, पुढे डेटा सेंटरपर्यंत रिक्षा. गेटवर ओळखपत्र, आधी मंजूर करून घेतलेला पास आणि लॅपटॉपचा सिरीयल नंबर लागतो. जॅकेट विसरू नका; कोल्ड आइलमध्ये (रॅकच्या रांगांमधल्या थंड हवेच्या वाटेत) तासभर उभं राहिलं की बोटं कीबोर्डवर नीट चालत नाहीत.

हायपर-व्ही होस्ट म्हणजे व्हीएम (आभासी संगणक) चालवणारा सर्व्हर. एसआर-आयओव्ही म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या पोर्टाचे (अडॅप्टरचे) आभासी भाग, म्हणजे व्हर्च्युअल फंक्शन, थेट व्हीएमना देण्याची सोय. ती बंद करणं हे काम कमांडचंच, मग जायचं कशाला? कारण कमांड दिली की अडॅप्टर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. रिमोट सेशन त्याच पोर्टावरून असेल तर ते तुटतं, आणि पोर्ट वर आलाच नाही तर होस्टपर्यंत पोहोचायला वाट राहत नाही. वेगळा मॅनेजमेंट पोर्ट असेल तर खुशाल घरून करा. इथे तो जोडलेला नव्हता, म्हणून रॅकसमोर क्रॅश कार्ट आणून मॉनिटर आणि कीबोर्ड थेट होस्टला लावला.

पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. आधी ‘गेट-नेटअडॅप्टरएसआरआयओव्ही’ (हायफन एकच, ‘गेट’नंतरचा). कोणत्या पोर्टावर ‘एनेबल्ड’समोर ‘ट्रू’ आहे ते बघा आणि हे आउटपुट फाइलमध्ये ठेवा. मग ‘गेट-नेटअडॅप्टरएसआरआयओव्हीव्हीएफ’: कोणतं व्हर्च्युअल फंक्शन कोणत्या व्हीएमकडे आहे ते इथे कळतं.

आता क्रम महत्त्वाचा. सुरुवात व्हीएमपासून करा: ‘आयओव्हीवेट’ (व्हीएमला व्हर्च्युअल फंक्शन द्यायचं की नाही ते ठरवणारा आकडा) आधी किती आहे ते टिपून घ्या, मग ‘सेट-व्हीएमनेटवर्कअडॅप्टर’ला व्हीएमचं नाव आणि ‘आयओव्हीवेट’ ० द्या. व्हीएम बंद करावा लागत नाही. गेस्टच्या (व्हीएमच्या आतल्या विंडोजच्या) डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरखाली दोन नोंदी असतात, एक हायपर-व्हीची आणि एक व्हर्च्युअल फंक्शनची. दुसरी डोळ्यांदेखत नाहीशी होते आणि ट्रॅफिक व्हर्च्युअल स्विचवरून (होस्टमधल्या सॉफ्टवेअर स्विचवरून) वाहू लागतो. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं: तक्रार एकाच व्हीएमची असेल तर इथेच थांबा, बाकीच्यांचा वेग कशाला घालवायचा?

सगळा पोर्टच मोकळा करायचा असेल तर ‘डिसेबल-नेटअडॅप्टरएसआरआयओव्ही’, ‘-नेम’पुढे पोर्टाचं नाव, आणि पहिल्यांदा शेवटी ‘-व्हॉटइफ’ लावून (काही न बदलता काय होईल ते नुसतं दिसतं). नावाच्या जागी तारांकन टाकू नका, सगळे पोर्ट एकदम खाली जातील. टीममध्ये (एकत्र जोडलेल्या पोर्टांच्या गटात) दोन पोर्ट असतील तर एक पूर्ण वर आल्यावरच दुसऱ्याला हात लावा. ‘-नोरिस्टार्ट’ दिलंत तर सेटिंग नोंदवली जाते, पण अडॅप्टर पुन्हा सुरू होईपर्यंत लागू होत नाही. ‘कमांड चालली, फरक काहीच नाही’ असं वाटलं तर आधी हेच तपासा.

व्हर्च्युअल स्विचला हात लावायची गरज नाही. त्याचं ‘एनेबलआयओव्ही’ स्विच बनवतानाच ठरतं, नंतर बदलत नाही. ते बदलायच्या नादात स्विच काढलात तर त्यावरचे सगळे व्हीएम नेटवर्कबाहेर जातील. बायोसमध्येही जाऊ नका, त्यासाठी अख्खा होस्ट रीबूट करावा लागतो.

निघण्यापूर्वी ‘गेट’च्या दोन्ही कमांड पुन्हा चालवा. पहिलीत ‘फॉल्स’ हवं, दुसरीत त्या पोर्टाचं एकही फंक्शन नको. होस्टच्या सीपीयूवर थोडा भार वाढतो, तो टास्क मॅनेजरऐवजी परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये हायपरव्हायझरच्या काउंटरवर बघा. परतीसाठी ‘एनेबल-नेटअडॅप्टरएसआरआयओव्ही’ आणि प्रत्येक व्हीएमचं जुनं ‘आयओव्हीवेट’ रॅकच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. कार्डचा ड्रायव्हर बदलला की ही सेटिंग मूळ पदावर जाऊ शकते, तेव्हा त्या दिवशी पहिली कमांड परत चालवा.