तुम्ही विचारलंत म्हणून : रेक्टिफायर की ५१५०?

पुण्यात एका इमारतीच्या तळघरात मी सरावाची खोली चालवतो. ती तासाच्या भाड्याने बँडना देतो आणि उरलेल्या वेळात बिघडलेले ॲम्प उघडून बसतो. त्या खोलीत चार स्पीकरचे एकच कॅबिनेट आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन हेड, म्हणजे स्पीकर नसलेले गिटार ॲम्प, ठेवलेली आहेत : मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर आणि पीव्हीचा ५१५०. त्यामुळे येणारा प्रत्येक नवा गिटारवादक बॅगेची चेन उघडण्याआधीच विचारतो, की या दोघांत चांगला कोणता वाजतो आणि मोठ्याने कोणता वाजतो. सरावाचे मीटर चालू असताना याचे उत्तर देणे मला जमत नाही, कारण तास त्याच्या पैशाचा असतो. म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी मोठ्याने वाजण्याचा प्रश्न मिटवून टाकू, कारण त्यात गैरसमज सर्वांत जास्त आहेत. रेक्टिफायर १०० वॅटचा आहे आणि ५१५० हा १२० वॅटचा, तेव्हा दुसरा पाचव्या हिश्शाने मोठा वाजणार, असा हिशेब बहुतेक जण मांडतात. कानाचा हिशेब तसा चालत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट सुमारे दहापट करावे लागतात. १०० आणि १२० वॅटमधला फरक एक डेसिबलसुद्धा भरत नाही. ड्रमर समोर बसलेला असताना तो ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

हीच गोष्ट स्पीकरच्या बाजूने पाहिली तर अधिक गमतीची आहे. माझ्या कॅबिनेटमध्ये सेलेशनचे व्हिंटेज ३० हे स्पीकर आहेत आणि अशा एका स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर १०० डेसिबल आवाज मिळतो, असे कंपनीचे माहितीपत्रक सांगते. म्हणजे वॅटचा दहावा भाग दिला तर ९०, शंभरावा भाग दिला तर ८० आणि दहा हजारावा भाग दिला तरी ६० डेसिबल. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी ठरवलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा जेव्हा ‘शंभर वॅटचा घेऊ की पन्नासचा’ असे विचारतो, तेव्हा मी त्याला सांगतो की बाबा, तुझ्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने तू एका वॅटच्या शंभराव्या भागाबद्दलच बोलतो आहेस. पन्नास वॅटचे हेड स्वस्त पडते आणि जिन्यावरून उचलायला हलके असते, ही कारणे खरी आहेत. आवाज कमी होईल हे कारण खरे नाही.

मग ५१५० जास्त मोठ्याने वाजतो असे सगळ्यांना का वाटते? त्याचे कारण नॉबमध्ये आहे. त्याच्या लीड चॅनलचा पोस्ट-गेन (त्या चॅनलचा आवाज ठरवणारा नॉब) शून्यावरून एकवर नेईपर्यंत फारसे काही घडत नाही आणि एक ते दोन यांच्या मधल्या करंगळीच्या नखाएवढ्या अंतरात खोली भरून जाते. तिनाच्या पुढे आवाज वाढत नाही असे म्हणण्याइतका कमी वाढतो, फक्त घट्टपणा जातो. त्यामुळे ‘मी दोनवर वाजवतो’ या वाक्याला काही अर्थ नसतो. रेक्टिफायरचे चॅनल मास्टर, म्हणजे प्रत्येक चॅनलचे आवाजाचे नॉब, हेही याच स्वभावाचे आहेत, पण २००० साली आलेल्या तीन चॅनलच्या मॉडेलमध्ये त्यांच्या पुढे एक वेगळा आउटपुट नॉब आहे आणि त्याने एकूण आवाज खाली खेचता येतो. मात्र इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या मध्येच पेडल जोडण्याची वाट) बायपास केला असेल तर हा नॉब सर्किटमधूनच बाहेर असतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ‘आउटपुटचा नॉब चालत नाही’ अशा तक्रारींपैकी काही मी मागचे एक बटण दाबून, पैसे न घेता परत पाठवल्या आहेत.

आता टोनकडे वळतो, कारण खरा फरक तिथे आहे आणि तो गंमत वाटावी अशा ठिकाणाहून सुरू होतो. दोन्ही ॲम्प अमेरिकी आहेत, दोन्ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे आहेत, दोन्हींच्या प्रीॲम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागात, १२एएक्स७ जातीच्या पाच ट्यूब आणि पॉवरच्या बाजूला ६एल६ जातीच्या चार. एक कॅलिफोर्नियातल्या रँडल स्मिथ यांच्या कारखान्यातला. दुसरा मिसिसिपीतल्या मेरिडियन गावच्या, हार्टली पीव्ही यांनी १९६५ साली काढलेल्या कंपनीचा, एडी व्हॅन हेलन यांच्यासाठी बनवलेला. ५१५० हे नाव व्हॅन हेलन यांच्या घरच्या स्टुडिओचे होते. पुढे ते पीव्हीपासून वेगळे झाल्यावर नाव त्यांच्याबरोबर गेले आणि कंपनीने तोच ॲम्प ६५०५ म्हणून विकायला घेतला : १९६५ ते २००५, चाळीस वर्षांची खूण. तेव्हा ‘५१५० घेऊ की ६५०५’ या उपप्रश्नाचे उत्तर असे, की जो चांगल्या स्थितीत आणि वाजवी किमतीत मिळेल तो घ्या.

या दोघांचे सर्किटचे नकाशे मी एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. दोघांवरही १९८७ च्या सोल्डानो एसएलओ-१०० या ॲम्पची छाप स्पष्ट दिसते. दोघांतही एका ट्यूबच्या कॅथोडला ३९ किलोओहमचा, म्हणजे नेहमीपेक्षा कितीतरी मोठा रेझिस्टर लावून तिला मुद्दाम ‘थंड’ ठेवलेले आहे, जेणेकरून ती लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा आधी कापते. हाय-गेनचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा (डिस्टॉर्शनचा), तो करकरीत, दाट पोत बराचसा त्या एका ठिकाणी तयार होतो. सख्खी नसली तरी ही चुलत भावंडे आहेत. तरीही पहिल्या पाम म्यूटलाच (तारेवर तळहात ठेवून मारलेल्या ठोक्यालाच) ती ओळखू येतात.

हा फरक ऐकण्यासाठी माझ्याकडे एक फुकटचे उपकरण आहे : कोपऱ्यातला स्नेअर ड्रम. त्याच्या तारा मोकळ्या ठेवून मी गिटारची जाड तार सी स्वरापर्यंत उतरवतो, म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ, आणि तळहात ठेवून एकच ठोका मारतो. ५१५० वर ठोका बसतो, तारा ‘त्स्’ करतात आणि हात थांबला की त्याही थांबतात. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडवर हात थांबल्यानंतरही तारा क्षणभर थरथरत राहतात, कारण तळाचा आवाज अजून खोलीत रेंगाळत असतो. याचे कारण पॉवर ॲम्पमध्ये आहे. ५१५० मध्ये निगेटिव्ह फीडबॅक कायम असतो, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा फिरवून मागे आणला जातो आणि तो स्पीकरच्या कागदाला लगाम घालतो. प्रेझेन्स आणि रेझोनन्स हे दोन नॉब त्या लगामाची वरची आणि खालची पकड ढिली किंवा घट्ट करतात. रेक्टिफायरच्या मॉडर्न मोडमध्ये हा फीडबॅकच तोडलेला असतो. लगाम सुटल्यामुळे तळ मोकळा होतो, ट्रेबल पुढे येते आणि पॉवर ॲम्पचा गेनही वाढतो, म्हणून व्हिंटेज मोडवरून मॉडर्नवर जाताच आवाज उडी मारतो. लोक ती उडी ऐकतात आणि ‘मॉडर्न चांगला वाजतो’ असे ठरवून मोकळे होतात.

तुलना करताना हीच सर्वांत मोठी फसगत होते. जो ॲम्प दीड-दोन डेसिबल मोठा असेल तो कानाला अधिक भरीव आणि अधिक स्पष्ट वाटतो आणि ऐकणाऱ्याला खरे कारण कळतही नाही. म्हणून माझ्याकडे तुलना करायला येणाऱ्याला मी त्याचा एक तुकडा लूपर पेडलमध्ये (वाजवलेले पुन्हापुन्हा ऐकवणाऱ्या पेडलमध्ये) वाजवून ठेवायला लावतो, म्हणजे हात बदलत नाही. कॅबिनेट तेच ठेवतो. आणि एका जागी ठेवलेल्या आवाजमापकावर दोन्ही हेडची पातळी जुळवून मगच बोलू देतो. ट्यूब ॲम्पला स्पीकरचा भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून अदलाबदल करताना आधी स्टँडबाय आणि मग केबल, हा नियम मी कोणालाही मोडू देत नाही.

पातळी जुळवल्यावर जे ऐकू येते ते असे. हळू आवाजात ५१५० हा बराचसा ५१५० सारखाच वाजतो. त्याचे डिस्टॉर्शन जवळजवळ सगळे प्रीॲम्पमध्ये होते, पॉवर ट्यूबचा बायस (त्यांतून सतत किती वीज वाहावी याची मांडणी) कारखान्यातूनच थंड ठेवलेला असल्याने त्या त्यात फारशी भर घालत नाहीत, आणि मधल्या स्वरांची त्याची गुरगुर कानाला कमी आवाजातही नीट ऐकू येते. रेक्टिफायरचे वैभव तळात आणि वरच्या टोकात आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला तळ नीट ऐकू येत नाही, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले आहे. त्यामुळे घरगुती पातळीवर रेक्टिफायरची भव्यता निघून जाते आणि उरते ती वरची माशी घोंघावल्यासारखी किरकिर. त्याला थोडा आवाज द्या आणि तोच ॲम्प छातीवर हात ठेवल्यासारखा वाजू लागतो. एकट्याने वाजवताना त्या क्षणी मला त्याच्यापुढे दुसरा कोणताही ॲम्प नको असतो.

बँड सुरू झाला की गोष्ट पुन्हा फिरते. रेक्टिफायरचा तळ ज्या जागेत बसतो तिथे बेस गिटार आणि किक ड्रम आधीच बसलेले असतात. सहा फूट उंचीच्या छताखाली, जशी माझी खोली जवळजवळ आहे, तिघे एकमेकांच्या पायावर पाय देतात आणि गिटारवादक स्वतःला ऐकू येईना म्हणून आवाज वाढवतो, म्हणजे आणखी तळ वाढवतो. कोर्नसारख्या बँडने सात तारांच्या गिटारबरोबर रेक्टिफायर वापरून जो अजस्र आवाज उभा केला, त्यात बेस वाजवणाऱ्याने तारांच्या खडखडाटावर भर देऊन गिटारला जागा ठेवली होती, हे लोक विसरतात. ५१५० मधल्या पट्टीतून वाट काढतो आणि कमी आवाजातही ऐकू येतो. मशीन हेडसारख्या बँडच्या रिफ कापल्यासारख्या नीट ऐकू येतात त्या यामुळे.

रेक्टिफायर ‘चिखल करतो’ ही तक्रार मीही पहिली दोन वर्षे केली आहे आणि दोष पूर्णपणे माझा होता. मी गेन तीन चतुर्थांश उघडत असे आणि चिखल झाला की बेसचा नॉब खाली आणत असे. तरीही चिखल तसाच राही, फक्त पातळ होई. कारण साधे आहे : दोन्ही ॲम्पमध्ये टोनचे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात. गिटारचा सगळा तळ आधी डिस्टॉर्शनमध्ये घुसून कालवला जातो. नंतर बेस कमी करणे म्हणजे कालवण झाल्यावर त्यातले पाणी काढू पाहणे. तळ कमी करायचा तो ॲम्पच्या आधी. ट्यूब स्क्रीमरसारखे पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग डिस्टॉर्शनच्या टप्प्याआधी उतरवते; त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवून ते रेक्टिफायरच्या पुढे लावले आणि गेन निम्म्याच्याही खाली आणला, तेव्हा माझ्या स्नेअरच्या तारा पहिल्यांदा वेळेवर थांबल्या. ५१५० लाही हे पेडल मानवते, पण त्याला त्याची गरज कमी आहे.

क्लीन आवाजाबद्दल फार लिहीत नाही. ५१५० चे दोन्ही चॅनल एकाच ईक्यूवर, म्हणजे टोनच्या एकाच नॉबसंचावर, चालतात आणि त्याचा क्लीन कामापुरता आहे. रेक्टिफायरचा, विशेषतः तीन चॅनलच्या मॉडेलचा, खरोखर देखणा आहे. तुमच्या गाण्यांत निम्मा वेळ क्लीन असेल तर बाकीची चर्चा करण्याचे कारण नाही.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टी पाहा. अमेरिकेतून कोणी आणलेला ॲम्प १२० व्होल्टचा असतो. त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो पुरेसा मोठा हवा. एका दुकानाने ‘५०० व्हीए’ असे छापलेला मला दिला होता. अर्ध्या तासात त्यावर हात ठेवता येईना आणि उघडल्यावर आतली तार दोनशेच्याही लायकीची दिसली नाही. दुसरे असे, की या दोन्ही ॲम्पना बायस जुळवण्याचा स्क्रू नाही, तेव्हा पॉवर ट्यूब बदलताना कोणत्याही चार न लावता जुळवलेला संच आणि कंपनीने सुचवलेल्या मोजमापाचाच लावा.

म्हणून माझे उत्तर : बँडसाठी आणि लहान खोलीसाठी ५१५०, एकट्याच्या सुखासाठी आणि मोठ्या जागेसाठी रेक्टिफायर. घरी वाजवायचे असेल तर दोन्हींपैकी काहीही चालेल, पण सोबत लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पचा भार पेलणारे उपकरण) आणि हेडफोन घ्या. माझ्या खोलीत पोस्ट-गेनच्या नॉबशेजारी कागदी चिकटपट्टीवर पेनाने मारलेली एक रेघ आहे, दीडच्या किंचित अलीकडे. तिच्या पुढे गेल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येतात. रेक्टिफायरवरही तशीच रेघ आहे, आणि मापक लावून पाहिले तर दोन्ही रेघा एकाच डेसिबलवर येतात.