तारामासे, शिंपले आणि कासचं कुंपण

कासच्या पठारावर कुंपण असावं की नसावं, हा साताऱ्यातला जुना वाद. एक बाजू म्हणते, गुरं फुलं तुडवतात. दुसरी म्हणते, चराई थांबली की गवत माजतं आणि बुटकी फुलझाडं त्याखाली दबतात. या वादात एका सागरी परिसंस्थाशास्त्रज्ञाला आणायला हवं असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे वॉशिंग्टन विद्यापीठाचे रॉबर्ट पेन (1933–2016).

1963 च्या जूनमध्ये पेन यांनी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, मकाह बे इथे, खडकाचा साधारण 8 मीटर लांब आणि 2 मीटर उंचीचा पट्टा निवडला. त्यावरचे तारामासे हातांनी उपटून समुद्रात फेकले. परत आले की परत फेकले. शेजारचा तसाच पट्टा मुद्दाम हात न लावता ठेवला. सप्टेंबरपर्यंत मोकळ्या झालेल्या खडकाचा 60 ते 80 टक्के भाग बार्नेकलनी (खडकाला चिकटून राहणाऱ्या बारक्या कवचधारी जीवांनी) व्यापला. मग शिंपल्यांनी बार्नेकलना रेटायला सुरुवात केली. 1966 मध्ये निबंध छापला तेव्हा त्या पट्ट्यावरच्या 15 प्रजातींतल्या 8 उरल्या होत्या. शेजारचा पट्टा होता तसाच होता.

कारण जागेच्या भांडणात आहे. कॅलिफोर्निया मसल नावाचे हे शिंपले (कोकणातल्या शिणाण्यांचे भाऊबंद) खडकाला धाग्यांनी घट्ट चिकटतात आणि कडेच्या सगळ्यांना ढकलून देतात. तारामासा नळीपायांनी शिंपल्याची दोन झाकणं ओढतो, बारीकशी फट पडली की स्वतःचं जठर बाहेर काढून त्या फटीतून आत सारतो आणि मांस जागेवरच पचवतो. म्हणजे सर्वांत बलवान भाडेकरूला तो सतत हुसकावत राहतो, आणि रिकाम्या जागी बाकीच्यांचा निभाव लागतो. अशा प्रजातीला पेन यांनी 1969 मध्ये 'कीस्टोन' म्हटलं, म्हणजे कमान तोलून धरणारा मधला दगड.

सजीव काढून बघण्याची रीत त्यांच्याआधी जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकलवर वापरली होती, ते श्रेय कॉनेल यांचंच. पण पेन एका किनाऱ्यावर थांबले नाहीत. न्यूझीलंडमध्ये वेगळा तारामासा, वेगळे शिंपले घेऊन त्यांनी हेच करून पाहिलं (1971), आणि पुढे तिथल्या मूळनिवासी मकाह लोकांच्या मालकीच्या टाटूश बेटावर दशकानुदशकं काम केलं. अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर समुद्री ऊदमांजरांचा अभ्यास करणाऱ्या जिम एस्टेस यांना त्यांनीच सुचवलं की ऊदमांजरांचा समुद्रातल्या जंगी शैवालावर (केल्पवर) काय परिणाम होतो ते बघा. त्यातून 1974 चा गाजलेला निबंध आला. पॉल डेटन, ब्रूस मेंगे, जेन लुबचेंको ही त्यांच्या विद्यार्थ्यांतली मोठी नावं.

'कीस्टोन' हा शब्द मात्र सैल झाला. दिसायला देखणा, लोकांना आवडणारा कुठलाही प्राणी 'कीस्टोन' ठरू लागला. मेंगे आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये दाखवलं की लाटांचा मारा असलेल्या जागी हाच तारामासा प्रभावी असतो, आडोशाच्या जागी तितका नसतो. म्हणून एका ठिकाणचं उत्तर दुसरीकडे उचलून लावायचं नाही.

आता कास. तिथे गवत म्हणजे शिंपले आणि गुरं म्हणजे तारामासे आहेत का, हे तिथेच तपासायला हवं. तिथलं कुंपण सगळीकडे एकसारखं घातलं किंवा काढलं, तर तुलनेला काही उरत नाही. वन विभागाच्या परवानगीने 2×2 मीटरचे तुकडे तीन-तीनच्या संचात घ्यावेत: एक पूर्ण कुंपणाचा, एक उघडा, आणि एक नुसत्या खांबांचा. हा तिसरा लोक वगळतात. पण गुरं खांबाला अंग घासायला येतात, खांबांमुळे पाणीही अडतं. तो परिणाम वेगळा काढता आला नाही तर सगळं श्रेय चराईला जातं. जाळीची भोकं मोठी हवीत, बारीक जाळीत वाहून आलेलं गवत अडकतं आणि माती साचते. निदान सहा संच, तेही जांभ्यावरचा पातळ थर आणि पाणी साचणारी डबकी अशा दोन्ही ठिकाणी, कारण गेंद आणि सीतेची आसवं यांना ओल लागते, सोनकीचं गणित वेगळं.

कुंपण घालण्याआधीचा एक पूर्ण हंगाम मोजणी झालीच पाहिजे. कडेचे 50 सेंटिमीटर सोडून मधल्या 1×1 मीटरवर दर 10 सेंटिमीटरला दोरा बांधलेली चौकट ठेवायची आणि 100 चौकोनांत काय काय आहे ते लिहायचं. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, दरवर्षी त्याच आठवड्यांत. बरीच झाडं वर्षायू (वर्षभरातच बी टाकून मरणारी) असल्याने जमिनीत आधीचं बी शिल्लक असतं आणि पहिल्या वर्षी फरक दिसत नाही. दोन हंगामांवर निकाल देऊन कुंपण उपटायची किंवा नवं बांधायची घाई करू नये. निदान पाच तरी द्यावेत.