मंडळीचा इतिहास लिहायला घेतलाय

रविवार, रात्री

आज उपासना सुटल्यावर आमच्या सोलापूरच्या मेथॉडिस्ट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीची मीटिंग झाली आणि स्मरणिकेतला इतिहासाचा भाग माझ्याकडे आला. मागच्या वेळी काय होतं तर पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची यादी, कोण कधी आले कोण कधी गेले, बिशपसाहेबांचा संदेश आणि मग जाहिराती. मी तिथंच सांगितलं, यावेळी तसं नको.

कारण आमच्या मेथॉडिस्टांत पाळक एका जागी मुरतच नाहीत की. ॲन्युअल कॉन्फरन्स, म्हणजे चर्चची वार्षिक सभा भरते, बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि नाव आलं की सामान बांधायचं. ही बदलीची रीत थेट मेथॉडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळापासूनची आहे आणि ती चांगलीच आहे असं मला वाटतं, पण मग मंडळी धरून ठेवतं कोण? जे बदलून जात नाहीत ते. त्यांची यादी कुणी केलीय का?

दुपारभर ऑफिसात बसून बाप्तिस्म्याची रजिस्टरं चाळली. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, हे सगळं आहेच पण मी अडकलो ते धंद्याच्या रकान्यात. गिरणी, गिरणी, रेल्वे, नर्स, परत गिरणी, शाळामास्तर. साक्षीदारांच्या जागी कुठं सही कुठं अंगठा. मग हळूहळू गिरणी हा शब्द कमी होत जातो आणि दुसऱ्या वहीत पुण्याला मुंबईला गेलेल्यांची सभासदत्वाची पत्रं वाढत जातात. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या हे पुस्तकात वाचलेलं वेगळं, इथं एकेका घराचं नाव दिसतं आणि त्यातली निम्मी आडनावं माझ्या ओळखीची, जीव गलबलला अक्षरशः.

मोठा इतिहास पण थोडक्यात घालणार आहे, कारण पोरं विचारतात की आपण मेथॉडिस्ट आणि ते सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, बरीच प्रोटेस्टंट चर्चं एकत्र येऊन झालेलं), मग फरक काय. या भागात आधी आले अमेरिकन मराठी मिशनवाले, नगरला 1831 पासून, मग सोलापूरला, त्यांच्याच मंडळ्या पुढं सीएनआयमध्ये गेल्या. मेथॉडिस्ट 1856 साली आले ते उत्तरेत, बरेलीला. आपल्या पश्चिमेकडं काम सुरू झालं विल्यम टेलरमुळं. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभं राहून प्रचार करणारा, 1871 च्या शेवटी मुंबईत आला आणि 1872 मध्ये तिथं मंडळी उभी राहिली. त्याचा हट्ट असा की मंडळीनं आपला खर्च आपण उचलायचा, परदेशातल्या मिशनच्या पैशावर बसायचं नाही. आणि त्याला येऊन मिळाले जॉर्ज बोवेन, जे 1848 ला त्याच अमेरिकन मिशनकडून मुंबईत आलेले आणि मिशनचा पगार सोडून गरिबीत राहिलेले! म्हणजे दोन्ही घरं सुरुवातीपासूनच एकमेकांत गुंतलेली आहेत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा आपलं मेथॉडिस्ट चर्च त्याच वर्षी अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिलं, आणि 1981 ला अमेरिकेतल्या मूळ चर्चपासून मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून स्वतंत्र झालं. पण सोलापुरात लग्नं दोन्हीकडं होतात, मयतीला दोन्हीकडची माणसं येतात. हे मी ठळक लिहिणार.

सगळ्यात जास्त जागा मात्र क्लास लीडरना, म्हणजे मंडळीतल्या छोट्या गटांची काळजी घेणाऱ्यांना. 1742 ला इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये वेस्लीच्या लोकांत चॅपलचं कर्ज फेडायला ठरलं की दर माणशी आठवड्याला एक पेनी आणि बारा जणांमागं एकानं घरोघर जाऊन ती गोळा करायची. पैसे गोळा करताना कळायला लागलं कोण आजारी आहे, कुणाच्या घरात भांडण, कोण दारूत बुडालंय, आणि त्यातूनच क्लास मीटिंग, म्हणजे या छोट्या गटाची बैठक, उभी राहिली. हे वाचताना मला आमच्या मंडळीतल्या एक आजीच आठवल्या, बटवड्याच्या, म्हणजे गिरणीच्या पगाराच्या दिवशी चाळीत वर्गणीला जायच्या आणि वर्गणी राहू दे पण आधी चूल पेटलीय का बघायच्या. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, चर्चमध्ये मराठी, प्रार्थना करताना मात्र ज्या घरात बसल्यात त्या घरच्या भाषेत. एकाही अहवालात त्यांचं नाव नाही. पाळक येत गेले जात गेले, त्या होत्याच.

तर ठरवलंय, पाळकसाहेबांच्या यादीला शेवटचं एक पान. त्याआधी क्लास लीडर, संडे स्कूलच्या बाया, हंगामाच्या सणाला (हार्वेस्ट फेस्टिव्हलला) लिलाव बोलणारे, पेटी तबला वाजवणारे, चर्चची किल्ली सांभाळणारे, सगळे नावानिशी आणि घरच्यांना विचारून. कमिटीत दोघांना हे पटलेलं नाही, त्यांच्याशी परत बोलेन, पण मागं हटणार नाही.

मंडळीतल्या कुणाच्या घरी जुने फोटो असतील तर पुढच्या रविवारी घेऊन या, मी तिथंच मोबाईलवर काढून लगेच परत देतो. आणि मोठ्या माणसांना विचारून कोण कोण आहे ते कागदावर लिहून आणा, फोटोच्या मागं पेन चालवू नका, शाई पुढं उमटते.